उपग्रहातून हवेचं रसायनशास्त्र : जॉन बरोज यांची कारकीर्द

निळीसावळी

दर हिवाळ्यात नायट्रोजन डायऑक्साइडचे लाल-पिवळे नकाशे सगळीकडे फिरतात. दिल्ली लाल, सिंगरौली-कोरबा लाल, आपल्याकडे मुंबई आणि चंद्रपूर. आपण नकाशा बघतो, हळहळतो आणि पुढच्या ग्रुपवर पाठवतो. पण तो नकाशा देणारं उपकरण कधीतरी वीस-तीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डोक्यात आलेलं असतं आणि त्याच्यामागे त्या माणसाची उमेदीची वर्षं गेलेली असतात. अशा एका माणसाबद्दल सविस्तर लिहायचं खूप दिवस मनात होतं. जॉन बरोज.

बरोज मूळचे इंग्लंडचे. केंब्रिजला शिकले, १९७८ मध्ये पीएचडी झाले. सुरुवातीच्या कामाचा उपग्रहाशी काही संबंध नव्हता. प्रयोगशाळेत बंद पात्रात वायू सोडायचे, त्यांच्यावर प्रकाश टाकायचा, कुठली अभिक्रिया किती वेगाने होते ते मोजायचं. पुढे ते जर्मनीत माइन्झला माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेत गेले. तिथे पॉल क्रुट्झन होते. नायट्रोजनची ऑक्साइडं ओझोनचा ऱ्हास घडवतात हे क्रुट्झननी १९७० मध्येच मांडलं होतं.

१९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोन छिद्राची बातमी आली आणि या शास्त्रातल्या सगळ्यांची झोप उडाली. उपग्रह तेव्हाही ओझोन मोजत होते, पण मोजक्या ठरावीक तरंगलांबींवर. बरोज यांचा आग्रह असा होता की अतिनील ते अवरक्त असा सलग वर्णपटच नोंदवायचा. मग ओझोनच्या बरोबरीने नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, फॉर्माल्डिहाइड, ब्रोमीन मोनॉक्साइड, मिथेन, कार्बन डायऑक्साइड असे अनेक वायू एकाच नोंदीतून काढता येतील. या उपकरणाचं नाव सायामाकी. युरोपीय अवकाश संस्थेकडे प्रस्ताव गेला १९८८ मध्ये. उपकरण अवकाशात गेलं १ मार्च २००२ ला, एन्व्हिसॅट उपग्रहावर. मधली चौदा वर्षं समित्या, निधी, चाचण्या, फेरचाचण्या यात गेली. जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियमने मिळून ते बांधलं.

सुदैवाने त्याच कल्पनेची एक छोटी आवृत्ती आधी मार्गी लागली. तिचं नाव गोम. ती २१ एप्रिल १९९५ ला ईआरएस-२ उपग्रहावरून गेली. (त्याच वर्षी क्रुट्झन, मोलिना आणि रोलंड यांना नोबेल मिळालं.) तोवर बरोज ब्रेमेन विद्यापीठात प्राध्यापक झाले होते आणि तिथे त्यांनी स्वतःचा मोठा गट उभा केला होता.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. उपग्रहावरचं उपकरण वायू मोजत नाही, प्रकाश मोजतं. सूर्याचा प्रकाश हवेतून खाली येतो, जमिनीवरून किंवा ढगावरून परत वर जातो आणि वाटेत प्रत्येक वायू आपापल्या ठरलेल्या तरंगलांबी थोड्या थोड्या शोषून घेतो. नायट्रोजन डायऑक्साइडच्या खुणा निळ्या प्रकाशात, साधारण ४२५ ते ४५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात शोधतात. या खुणा अगदी पुसट असतात. प्रकाशातली घट शेकडा एक किंवा त्याहूनही कमी, आणि तिच्यावर सूर्याच्या स्वतःच्या काळ्या रेघा, ओझोन, पाण्याची वाफ या सगळ्यांची गर्दी. मग ही घट नक्की कुठल्या वायूची हे ओळखायला त्या वायूचा शुद्ध नमुना-वर्णपट लागतो. तो प्रयोगशाळेतच घ्यावा लागतो, कारण तापमानाप्रमाणे तो बदलतो.

बरोज यांच्या गटाने काय केलं, तर जे उपकरण वर जाणार होतं तेच, उड्डाणाच्या आधी, वायूने भरलेल्या नळीसमोर ठेवलं आणि उणे पन्नास अंशांच्या आसपासपासून खोलीच्या तापमानापर्यंत वर्णपट नोंदवून घेतले. प्रयोगशाळेत वायूंवर प्रकाश टाकत बसलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. ते वर्णपट पुढे दुसऱ्या कितीतरी गटांनी वापरले.

फळ काय मिळालं? २००५ मध्ये 'नेचर'मध्ये आंद्रेआस रिश्टर, बरोज आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. गोम आणि सायामाकीच्या नोंदी जोडून त्यांनी दाखवलं की १९९६ ते २००४ या काळात चीनच्या औद्योगिक पट्ट्यावरचा नायट्रोजन डायऑक्साइड सुमारे ५० टक्क्यांनी वाढला आणि वाढीचा वेगही वाढतोय. युरोपवर त्याच काळात घट होती. सरकारी आकड्यांची वाट न पाहता एका देशाच्या धुराचा हिशेब वरून मांडता आला, हे तेव्हा नवीन होतं.

एन्व्हिसॅट पाच वर्षांसाठी होता, चालला दहा. ८ एप्रिल २०१२ ला, ईस्टरच्या रविवारी, त्याच्याशी संपर्क तुटला. महिनाभर प्रयत्न करून मोहीम संपल्याचं जाहीर झालं. आठ टनांचा तो उपग्रह अजून वर फिरतोय, मुका. ब्रेमेनच्या गटाने नंतर कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन मोजणारी कार्बनसॅट नावाची मोहीम सुचवली. ती शेवटच्या दोनांत पोचली आणि २०१५ मध्ये दुसरीची निवड झाली.

जाणकारांनी भर घालावी.

ओझोनवाला

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

एक भर घालतो, कारण या गोष्टीची मुळं आपल्याकडेही आहेत आणि ती सहसा सांगितली जात नाहीत. उपग्रहावरून परतणाऱ्या अतिनील प्रकाशातून एकूण ओझोन काढता येईल का, याचा पायाभूत पेपर १९६७ चा, डेव्ह आणि मेटीर यांचा. त्यातले जे. व्ही. डेव्ह हे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत के. आर. रामनाथन यांच्याबरोबर ओझोनवर काम केलेले. निंबस-४ आणि निंबस-७ वरच्या ओझोन मोजणाऱ्या उपकरणांचं गणित त्या पेपरच्या वाटेनेच गेलं. आणि पुण्याला हवामान खात्याच्या उपकरण विभागात अ‍ॅना मणींनी १९६४ मध्ये भारतीय ओझोनसाँड, म्हणजे ओझोन मोजणारा यंत्रसंच, तयार करवून घेतला, फुग्याला बांधून वर सोडायचा. जमिनीवरून आणि फुग्यावरून घेतलेल्या अशा नोंदी नसत्या, तर उपग्रहाचे आकडे ताडून बघायचे कशाशी?

दुसरं, ओझोन छिद्राबद्दल एक कथा सगळीकडे छापली जाते की नासाच्या संगणकाने कमी ओझोनचे आकडे चूक समजून फेकून दिले. असं घडलेलं नाही. १८० डॉबसन एककांच्या (ओझोन मोजायचं एकक) खालच्या नोंदींवर 'संशयास्पद' अशी खूण पडत होती, नोंदी मात्र शाबूत होत्या. नासाच्या गॉडर्ड केंद्राच्या ओझोन गटातले भारतीय वंशाचे पवन भारतिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८४ च्या मध्यात, ऑक्टोबर १९८३ चा डेटा तपासताना, अशा खुणा एकदम वाढलेल्या दिसल्या. त्यांनी दक्षिण ध्रुवावरच्या जमिनीवरच्या नोंदी पाहिल्या. तिथे ३०० च्या आसपास आकडे होते. ते आकडे चुकीचे होते हे नंतर कळलं. तरी भारतियांनी १९८५ च्या ऑगस्टमधल्या प्राग परिषदेसाठी गोषवारा धाडला. पण परिषद भरेपर्यंत मे महिन्यात फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा अंटार्क्टिकावरच्या हॅली बे केंद्रावरच्या नोंदींचा पेपर येऊन गेला होता. श्रेय फार्मन यांचंच, त्यात वाद नाही. पण भारतियांच्या गटावर निष्काळजीपणाचा शिक्का इतकी वर्षं बसलेला बघून मला मनापासून वाईट वाटतं.

कऱ्हाडकर

निळीसावळीताई, माहिती छान, पण एक प्राथमिक शंका. शहरांत चौकाचौकांत हवेची गुणवत्ता दाखवणारे फलक आहेत, प्रदूषण मंडळाची केंद्रं आहेत. सातशे-आठशे किलोमीटर वरून बघायची गरज काय? आणि वरून दिसलेला आकडा माझ्या नाकापर्यंत पोचतो का?

निळीसावळी

@कऱ्हाडकर दादा, शंका अगदी रास्त आहे. नाकापर्यंत सरळ पोचत नाही. उपग्रहाला दिसतो तो जमिनीपासून वरपर्यंतचा अख्खा स्तंभ, एका चौरस सेंटिमीटरवर किती रेणू असा. त्यातला वरच्या स्थितांबरातला भाग वजा करायचा, मग खालच्या भागात वायू कुठल्या उंचीवर आहे याचा अंदाज धरायचा, जमीन किती प्रकाश परावर्तित करते ते धरायचं. जमिनीच्या केंद्राला पर्याय म्हणून हे वापरूच नये.

पण जिथे केंद्रच नाही तिथलं काय? खाणी, खेड्यांजवळची वीज केंद्रं, भर समुद्र. स्टेफेन बायर्ले यांनी २००४ मध्ये गोमच्या नोंदींची अनेक वर्षांची सरासरी काढली तर हिंदी महासागरात श्रीलंकेच्या खालून इंडोनेशियाकडे जाणारी नायट्रोजन डायऑक्साइडची एक सरळ रेघ उमटली. जहाजांचा मार्ग. तिथे कोण फलक लावणार होतं?

त्याआधी, २००३ मध्ये, त्यांनीच आठवड्याच्या वारांप्रमाणे नोंदी वेगळ्या केल्या. युरोप, अमेरिका, जपानात रविवारी आकडा खाली, इस्रायलमध्ये शनिवारी. चीनमध्ये त्या काळी असा वारच सापडला नाही. निसर्गाला रविवार ठाऊक नसतो, तेव्हा हा वायू माणसाच्याच कामातून येतोय याचा इतका स्वच्छ पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि हे सगळं कुठल्या उपकरणातून? गोमचा एक ठिपका ४० बाय ३२० किलोमीटरचा होता. म्हणजे मुंबईपासून जवळपास सोलापूरपर्यंत एकच आकडा.

चांदागड

मी चंद्रपूरचा. ऊर्जानगरच्या चिमण्या लहानपणापासून बघतोय. आमच्याकडे प्रदूषणावर बोलायला गेलं की पहिला प्रश्न, "आकडे कुठायत?" म्हणून हा धागा मला फार जवळचा वाटला. आता ट्रोपोमी या उपग्रहावरच्या नव्या उपकरणाचा ठिपका साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा आहे असं वाचलं. त्यात एका वीज केंद्राचा धूर वेगळा दिसतो का? आणि दिवसातून कितीदा?

पाषाणवाट

याच क्षेत्रात काम करतो म्हणून लिहितोय. नाव-गाव सांगत नाही.

@चांदागड, दिसतो. वारा कुठल्या दिशेचा त्याप्रमाणे नोंदी फिरवून त्यांची सरासरी घेतली की केंद्राच्या खालच्या अंगाला शेपटी स्पष्ट येते आणि तिच्या लांबीवरून उत्सर्जनाचा अंदाजही बांधता येतो. सल्फरच्या बाबतीत तर आपल्या देशाला हे वरूनच ऐकून घ्यावं लागलं. २०१७ मध्ये कॅन ली आणि सहकाऱ्यांनी ओमी उपकरणाच्या नोंदींवरून लिहिलं की सल्फर डायऑक्साइडच्या उत्सर्जनात भारत चीनला मागे टाकतोय. कारण उघड आहे. चीनने कोळशाच्या केंद्रांवर गंधक काढणाऱ्या यंत्रणा बसवल्या, आपल्याकडे ते रेंगाळलं.

दिवसातून कितीदा, तर एकदा. ट्रोपोमी दुपारी दीडच्या सुमारास वरून जातं. संध्याकाळची वाहनांची गर्दी त्याला दिसत नाही, दिवाळीच्या रात्रीचे फटाके दिसत नाहीत. आणि आपल्याकडचा मोठा अडथळा म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर कोकण आणि घाटावर ढग हटत नाहीत, त्या चार महिन्यांत वापरण्याजोगे ठिपके हातावर मोजण्याइतके मिळतात. कुणी "वर्षभराची सरासरी" म्हणून महाराष्ट्राचा नकाशा दाखवला तर त्यात पावसाळ्याच्या नोंदी किती, हे आधी विचारावं.

भूस्थिर कक्षेतलं, म्हणजे पृथ्वीबरोबरच फिरून एकाच भागावर राहणारं उपकरण दिवसभर दर तासाला बघू शकतं. दक्षिण कोरियाचं जेम्स २०२० मध्ये गेलं. त्याची ठरलेली चौकट साधारण ७५ अंश पूर्वपासून सुरू होते. म्हणजे चंद्रपूर-नागपूर तिच्या पश्चिम कडेला आत येतात, पुणे-मुंबई बाहेर राहतात. अमेरिकेवर टेंपो २०२३ पासून आहे, युरोपसाठी सेंटिनेल-४ २०२५ मध्ये गेलं. भूस्थिर कक्षेतून असं मोजण्याची कल्पना ब्रेमेनच्या गटाने जिओसिया या नावाने वीसेक वर्षांपूर्वीच मांडली होती, हे इथे नोंदवायला हवं. आपल्या देशावर रोखलेलं असं उपकरण असावं, ही माझी फार जुनी इच्छा आहे.

एमेस्सी_दुसरं_वर्ष

सर/मॅडम, मी भौतिकशास्त्रात एमएस्सी करते आहे, सांगलीला. यात करिअर करायचं असेल तर रोजचं काम नेमकं काय असतं? घरचे विचारतात, म्हणजे तू रॉकेट बनवणार का? रसायनशास्त्र बारावीनंतर सुटलंय, ते अडेल का?

पाषाणवाट

@एमेस्सी_दुसरं_वर्ष, रसायनशास्त्र सुटलंय म्हणून अडत नाही. लागतं ते लागेल तसं शिकता येतं. प्रकाशाचं विकिरण, वर्णपटशास्त्र, थोडं संख्याशास्त्र आणि पायथन पक्कं हवं.

रोजचं काम म्हणजे संशय घेणं. एक खरी गोष्ट सांगतो. २००५ मध्ये क्रिस्टियान फ्रांकेनबेर्ग, तेव्हा हायडेलबर्गला पीएचडी करत होते, यांनी सायामाकीच्या नोंदींवरून दाखवलं की उष्ण कटिबंधातल्या जंगलांवर मिथेन संगणकीय प्रतिकृतींच्या अंदाजापेक्षा बराच जास्त आहे. 'सायन्स'मध्ये पेपर आला, मोठी चर्चा झाली. पुढची काही वर्षं ते स्वतःच त्या आकड्याच्या मागे लागले. २००८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यातली काही वाढ पाण्याच्या वाफेमुळे आली होती. वाफेच्या शोषणरेघांची उपलब्ध माहितीच अपुरी होती आणि जंगलांवर वाफ भरपूर. रेघा सुधारल्यावर मिथेनचा आकडा खाली आला. निळीसावळीताईंनी प्रयोगशाळेतल्या नमुना-वर्णपटाबद्दल लिहिलंय, त्याचं महत्त्व यावरून कळेल.

शिवाय यंत्र म्हातारं होतं. सायामाकीच्या अवरक्त संवेदकांवर बर्फाचा थर जमायचा. तो काढायला अधूनमधून ते तापवावे लागायचे आणि प्रत्येक वेळी नोंदींची सुधारणा नव्याने करावी लागायची. कुणाच्या तरी कारकिर्दीची कित्येक वर्षं त्या बर्फात गेली आहेत आणि ती वाया गेली असं मी म्हणणार नाही.

शिकायला जागा: पुण्यात आयआयटीएम (उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था), अहमदाबादला पीआरएल (वर आलेली भौतिकी संशोधन प्रयोगशाळा), तिरुपतीजवळ गदंकीची एनएआरएल (राष्ट्रीय वातावरण संशोधन प्रयोगशाळा), काही आयआयटी. नेट किंवा गेट द्यावी लागेल. बाहेर ब्रेमेन, माइन्झ, नेदरलँड्सची हवामान संस्था केएनएमआय. तिथल्या पीटरनेल लेव्हेल्ट यांचं काम जरूर वाच. २००४ मध्ये गेलेल्या ओमीच्या त्या प्रमुख, ट्रोपोमीच्या उभारणीतही होत्या, आणि पुढे अमेरिकेत बोल्डरला वातावरणीय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या संचालक झाल्या.

खिडकीतला_पाऊस

सगळ्यांचे प्रतिसाद आवडले, तरी थोडा वेगळा सूर लावते. माझी धाकटी बहीण याच विषयात बाहेर पोस्टडॉक करून आली. दोन-दोन वर्षांचे करार, दर खेपेला नवा देश, नवं घर. प्रस्तावापासून उड्डाणापर्यंत चौदा वर्षं लागतात हे वाचायला भव्य वाटतं, पण ती चौदा वर्षं तगून राहतो तो प्राध्यापक. त्याच्या हाताखालची मुलं मधल्यामध्ये तीनदा बदलतात. आणि यश हमखास आहे का? नासाचा कार्बन डायऑक्साइड मोजणारा ओसीओ उपग्रह २४ फेब्रुवारी २००९ ला रॉकेटचं टोकाचं आवरण सुटलं नाही म्हणून अंटार्क्टिकाजवळ समुद्रात गेला. काही मिनिटांत. ज्यांनी आठ-नऊ वर्षं त्यावर घालवली त्यांचं काय? त्या मुलीला हेही सांगा.

निळीसावळी

@खिडकीतला_पाऊस, हे लिहिलंत ते बरं झालं. करारांची ही पद्धत माणसाला, विशेषतः मुलींना, पिळून काढते. मीही पीएचडीनंतर ठरवून परत आले आणि शिकवायला लागले, त्याचं एक कारण हेच.

ओसीओबद्दल मात्र पुढचंही सांगायला हवं. त्या गटाने पंधरवड्यातच हातपाय गाळले असते तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी तोवर लिहिलेलं सॉफ्टवेअर जपानच्या गोसॅट उपग्रहाच्या नोंदींवर चालवलं. गोसॅट त्याच वर्षी जानेवारीत गेला होता. त्या सरावातून पद्धत सुधारली आणि २ जुलै २०१४ ला ओसीओ-२ गेला, तो पक्क्या तयारीनिशी. कार्बनसॅटचंही तसंच, हरलेल्या प्रस्तावातलं पुष्कळ काही युरोपच्या कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या पुढच्या मोहिमेच्या आखणीत आलं. तेव्हा मुलीला दोन्ही सांगू. नोकरीची शाश्वती कमी आहे. केलेलं काम मात्र दुसऱ्याच्या उपकरणावरही चालतं.

एमेस्सी_दुसरं_वर्ष

सगळ्यांचे खूप आभार. पावसाताई, तुमचं म्हणणं आईलाही वाचून दाखवलं. आत्ता, परीक्षेच्या आधी, घरी बसून काही करून बघता येईल का? कॉलेजात यातलं कुणी नाही.

पाषाणवाट

येईल, आणि पैसे लागत नाहीत. ट्रोपोमीचा डेटा कोपर्निकसच्या साइटवर खाते उघडलं की फुकट मिळतो. नायट्रोजन डायऑक्साइडची एक जानेवारीतली आणि एक जुलैतली फाइल उतरवून घे, महाराष्ट्रावरून गेलेली. फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याबरोबर 'क्यूए व्हॅल्यू' म्हणून एक आकडा असतो, शून्य ते एक, नोंद किती भरवशाची ते सांगणारा. ०.७५ च्या वरचेच ठिपके ठेव, बाकीचे गाळ. मग दोन्ही दिवशी चंद्रपूरच्या आसपास किती उरले ते मोज आणि इथेच टाक. अडलं तर कोडही इथेच चिकटव, रात्री नऊनंतर मी असतो.

चांदागड

जानेवारीची फाइल केली की मलाही सांग गं. त्या दिवशीचा वारा आणि केंद्राचे किती संच चालू होते ते मी इकडून बघून देतो.